गुरूचे दोष कोणी पाहावेत?

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. पाथर्डीकडच्या डोंगरपट्ट्यातील एका गावी सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. निरूपणात गुरुभक्तीचा विषय निघाला आणि आम्ही नेहमीचे वाक्य बोलून गेलो, की शिष्याने गुरूचे दोष पाहू नयेत. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या, आमचेही समाधान झाले. आरती झाली, मंडळी पाया पडून घरोघर गेली. एक तरुण शिक्षक मात्र मंडपाच्या खांबाशी थांबून राहिले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीस होते. जवळ येऊन म्हणाले, "महाराज, आपण सांगितलेत ते पटले. पण माझ्या वर्गात अठ्ठेचाळीस मुले आहेत, आणि ती दिवसभर माझे दोषच पाहत असतात. त्यांनी पाहू नयेत असे मी त्यांना कसे सांगू? आणि सांगितले तरी त्यांचे डोळे कसे मिटू?"

आम्ही काय सांगावे? "तुम्ही निष्ठेने शिकवा, बाकीचे पांडुरंग पाहून घेईल," असे काहीतरी सांगून मोकळे झालो. ते सभ्य गृहस्थ. नमस्कार करून गेले. पण आपल्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही हे त्यांना कळले होते, आणि आपण उत्तर दिले नाही हे जीपमध्ये बसल्यावर आम्हांलाही कळले.

वाचकहो, आम्ही लहानपणापासून पाठशाळेत वाढलो. रूपावली, अमरकोश, मग तर्कसंग्रह, मग थोडा वेदान्त, असे आमचे शिक्षण. यास्काचार्यांच्या निरुक्तात, अगदी पहिल्या अध्यायात, आचार्य या शब्दाची फोड आहे, ती आम्हांस पाठ होती. तीन अर्थ सांगितले आहेत. आचार्य तो, जो शिष्याकडून आचार ग्रहण करवितो. जो अर्थांचा संचय करून देतो. जो बुद्धीचा संचय करून देतो. यात आचार पहिला, अर्थ आणि बुद्धी नंतर. परीक्षेत हे आम्ही धडाधड लिहून दाखविले, गुणही मिळाले. पण आचार ग्रहण करवितो म्हणजे काय, कसा करवितो, याचा विचार पन्नाशी उलटेपर्यंत केला नाही. आचार तोंडाने कसा देणार? पाणी ओंजळीने देता येते, ऊब ओंजळीने देता येत नाही. जवळ बसूनच ती लागते.

दुसरे एक वचन तैत्तिरीय उपनिषदातले. शिक्षावल्लीच्या अकराव्या अनुवाकात विद्या पुरी झालेल्या शिष्यास गुरू निरोप देत आहे. खरे बोल, धर्माने वाग, अध्ययन सोडू नको, हे सगळे सांगून झाल्यावर तो एक विलक्षण गोष्ट सांगतो. आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू घे, दुसरी घेऊ नको. पहा कशी आहे गंमत! गुरूच आपल्या तोंडाने कबूल करीत आहे, की आमच्याजवळ दुसरीही आहेत. इतकी वर्षे आम्ही दोष पाहू नयेत म्हणून सांगत आलो, आणि उपनिषदातला ऋषी स्वतः शिष्याला म्हणतो, निवडून घे. न पाहता कसे निवडणार?

मग दोष पाहू नयेत हे वचन खोटे का? नाही. ते शिष्याला दिलेले औषध आहे. शिकणाऱ्याने शिकविणाऱ्याची खोड काढीत बसले तर त्याचे पात्र पालथे होते, त्यात काही पडत नाही. म्हणून ते औषध. पण एकाला दिलेले औषध दुसऱ्याने घेऊ नये हे वैद्यसुद्धा सांगतो. शिष्यासाठी सांगितलेले वचन आम्ही गुरुलोकांनी उचलले आणि त्याची ढाल केली. शिष्याने दोष पाहू नयेत, म्हणून आम्हीही ते पाहिले नाहीत. आमच्यापुरता हा सगळा घोटाळा तिथे आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. उपनिषदातला शिष्य मोठा आहे. बारा वर्षे गुरुगृही राहून आता घरी चालला आहे, लग्न करील, संसार करील. त्याच्याजवळ चाळण आहे. पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोराजवळ चाळण कुठली? ते कोंड्यासकट घेते. गुरुजी उशिरा आले आणि हजेरीपटावर वेळेची सही केली, हे ते बघते. साहेब तपासणीला येणार म्हणून आदल्या दिवशी भिंती रंगविल्या, फळ्यावर सुविचार आला, हे ते बघते. पाटलाच्या मुलाला पाणी पाज म्हणताना गुरुजींचा आवाज निराळा आणि पालावरच्या मुलाला म्हणताना निराळा, हेही बघते. तंबाखू वाईट हा धडा शिकवून झाल्यावर गुरुजी खिडकीबाहेर पिंक टाकतात, हा तर दुसरा धडाच झाला, आणि तोच पाठ होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले, की श्रेष्ठ जे जे करतो ते ते इतर करतात. ते अर्जुनाला म्हणजे एका राजपुत्राला सांगितले आहे, म्हणून आपल्याला वाटते की श्रेष्ठ म्हणजे कोणी राजा, पुढारी. वाडीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत श्रेष्ठ एकच असतो. खुर्चीवर बसलेला.

आता आमच्या नगर जिल्ह्यातलीच एक गोष्ट सांगतो. अहमदनगर म्हणा, आता अहिल्यानगर म्हणा, शहर तेच. तेथे १८३९ साली सिंथिया फरार नावाची एक अमेरिकन बाई आली. त्याआधी १८२७ साली ती मुंबईस उतरली होती. अविवाहित, एकटी. अमेरिकन मिशनची. मुलींच्या शाळा चालविणे हे तिचे काम, आणि ते तिने मरेपर्यंत केले. १८६२ साली नगरातच तिने देह ठेवला. मिशनचा हेतू आपले लोक ख्रिस्ती करावे हा होता, तो आम्हांस मान्य नाही आणि कोणत्याच काळी मान्य होणार नाही. असो. पण चांगला आचार जिथे दिसेल तिथे त्याला नमस्कार करावा, ही आम्हां वारकऱ्यांची रीत आहे. पुण्याचे जोतिराव फुले आपल्या एका मित्राबरोबर नगरास आले, फरारबाईंच्या शाळा त्यांनी पाहिल्या. मुली कशा शिकतात, त्यांना कसे शिकवितात, हे डोळ्यांनी पाहिले. परत जाऊन १८४८ साली त्यांनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले तेही नगरास फरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्यास नॉर्मल स्कूलमध्ये, असे चरित्रकार सांगतात.

म्हणजे पहा, कोणी नगरात येऊन शिक्षणाचे महत्त्व या विषयावर व्याख्यान ऐकून गेले नाही. एक बाई वर्गात कशी वागते हे पाहून गेले.

पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. सावित्रीबाई शाळेला निघाल्या की लोक शेण मारीत, दगड मारीत. त्या जास्तीचे लुगडे बरोबर नेत, शाळेत गेल्यावर बदलीत, आणि शिकवायला उभ्या राहत. आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा शेण मारणाऱ्यांकडे बघतो. आम्हांस वाटते, वर्गात बसलेल्या मुलींकडे बघावे. त्यांनी काय पाहिले असेल? बाई आल्या. अंगावर शेण. आत गेल्या, लुगडे बदलले, आणि अक्षर काढायला लागल्या. ना शिवी, ना रडणे, ना "आज शाळा नाही." त्या दिवशी त्या मुली किती अक्षरे शिकल्या असतील देव जाणे, पण त्याहून मोठे काही शिकल्या हे नक्की. कशावरून म्हणाल, तर मुक्ता साळवे हिच्यावरून. मांग समाजातली मुलगी, फुल्यांच्या शाळेत शिकलेली, वय चौदाच्या सुमाराचे. तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. हे पत्र १८४२ साली निघाले ते नगरातूनच. त्या निबंधात ती मोठमोठ्या पंडितांना प्रश्न विचारते. धर्म कोणाचा, वेद कोणाचे, मग आम्ही कोण, असा तिच्या म्हणण्याचा भाव आहे. आमच्यासारख्या शास्त्र शिकलेल्या माणसाला आजही तो निबंध वाचताना खाली बघावे लागते. चौदा वर्षांच्या पोरीच्या अंगी हे धाडस पुस्तकातून आले नसावे. रोज सकाळी दाराशी ते धाडस लुगडे बदलीत होते.

जोतिरावांना याची पुरती जाण होती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेचा शिक्षक कसा असावा हे सांगितले आहे. शिक्षक शेतकरी वर्गातले घ्यावेत. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, जे खालच्या म्हटलेल्या लोकांत सहज मिसळतील, असे असावेत. सोवळे धरून मुलांपासून लांब बसणारा शिक्षक त्यांना काय शिकविणार, असा त्यांचा रोख आहे. आणि त्या शिक्षकाला पगारही पोटापुरता द्या, हेही ते सांगतात, ते विसरू नये. हे बोलणे कोणाला लागले असेल ते लागो. आम्हांस लागले, आणि लागले ते बरे झाले.

असाच दुसरा एक शिक्षक अंमळनेरला होऊन गेला, साने गुरुजी. १९२४ ते ३० पर्यंत ते तेथे शाळेत होते, छात्रालयही त्यांच्याकडे होते. मुले खोल्या झाडीत नसत. गुरुजींनी नियमाचा कागद लावला नाही. मुले शाळेत गेली की हे जाऊन खोल्या झाडीत, कंदिलाच्या काचा पुशीत, मळके कपडे धुऊन टाकीत. दोनचार दिवसांत पोरांना लाज वाटली. तीच मुले मग केरसुणी शोधू लागली. हाच माणूस पुढे १९४७ च्या मे महिन्यात, हरिजनांना विठोबाचे दार उघडावे म्हणून, पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहिला. आम्ही वारकरी पिढ्यान्‌पिढ्या भेदाभेद अमंगळ म्हणून टाळ वाजवीत होतो, आणि दार उघडायला एका मास्तराला उपाशी बसावे लागले. हा आमच्या शिकवण्यातला आणि वागण्यातला फरक. जास्त बोलत नाही.

दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणे सोपे असते. आता आमची सांगतो.

आमची एक लहानशी पाठशाळा आहे. वीस-पंचवीस मुले राहतात, गावच्या शाळेत जातात, आणि सकाळसंध्याकाळ आमच्याजवळ हरिपाठ, टाळ, पखवाज, थोडे गीतेचे पाठांतर असे चालते. बहुतेक मुले शेतकऱ्यांची, मजुरांची. त्यांत एक मुलगा ऊसतोडीच्या घरचा होता. वय अकरा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की आमच्या जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगावकडून आणि पलीकडच्या बीडकडून दसरा-दिवाळी झाली की हजारो माणसे कारखान्यावर निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशोब. एकटा गडी असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. माणसाचे नावच तिथे हत्याराचे होते.

त्या वर्षी हा मुलगा आईबापाबरोबर कारखान्यावर गेला होता, धाकट्या भावाला सांभाळायला. सगळ्या मुलांचा हरिपाठ पुरा झाला, हा चैत्रात परत आला. संध्याकाळी म्हणायला बसविला तर निम्म्यावर अडला. त्या दिवशी आमचे डोके दुखत होते, दुपारी कोणा देणगीदाराशी बोलाचाली झाली होती. हे कारण म्हणून सांगत नाही, घडले ते सांगतो. आम्ही म्हणालो, "हे आमचे अर्धा कोयता. पाठही निम्माच तोडून आणलाय."

मुले हसली. आम्हीही हसलो. मुलगाही थोडा हसला, हे आम्हांस आजही दिसते.

आठ दिवसांत तो अर्धा कोयता झाला. नाव घेऊन कोणी हाक मारीना. मोठी मुले म्हणू लागली, मग धाकटी, मग स्वयंपाकाच्या मावशी. आम्ही पुन्हा एकदाही तो शब्द उच्चारला नव्हता. गरजच उरली नव्हती. त्याच्या पत्र्याच्या पेटीवर कोणी खडूने 'अ. को.' अशी अक्षरे काढली. ती आम्ही जाता येता पाहिली, आणि मुलांची गंमत म्हणून सोडून दिली. त्या पाठशाळेत इतकी वर्षे सर्वांभूती देव हे आम्ही घसा कोरडा करून शिकवीत होतो. ते आठ दिवसांत कोणाच्या अंगवळणी पडले नव्हते. एक टोमणा पडला.

एके दिवशी पहाटे काकड्याला तो दिसला नाही. पेटीही नव्हती. चौकशी केली, घरी पोचल्याचे कळले, जीव भांड्यात पडला. पाच-सहा दिवसांनी आम्ही त्याच्या गावी गेलो. घरी आजी एकटी होती. मुलगा बापाबरोबर खडी फोडायच्या कामावर गेला होता. आजीने चहा केला. आम्ही विचारले, काय झाले हो मुलाला? म्हातारी सरळ होती. म्हणाली, "महाराज, पोरगं म्हणलं, तिथं मला कोयता म्हणत्यात. म्या म्हणलं, मंग कोयतंच हायेत की आपुन. तं म्हणलं, आपुन म्हणलं तर काय न्हाई, महाराज म्हणलं की लागतंय."

तो चहा आम्हांस गिळवेना.

परत आलो. संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर मुलांना बसवून ठेवले आणि जे झाले ते सांगितले. तो शब्द पहिल्यांदा आम्ही बोललो, चूक आमची, तुम्ही आमच्यापासून शिकलात, असे सांगितले. खरे सांगायचे तर बोलताना मनात भीती होती, की पोरांच्या मनातून आपण उतरू. मुले गप्प बसली. बराच वेळ कोणी बोलेना. मग पुढे बसलेल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलाने विचारले, "मग महाराज, आता तुम्हाला कोण मारणार?"

मोठ्या मुलांनी त्याला दटावले. पण त्याचे काय चुकले होते? आमच्याकडे चूक झाली की छडी, हा नियम होता. छडी फार नव्हती, पण होती. त्याने नियम लावून पाहिला.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पडल्या पडल्या गौतम धर्मसूत्र आठवले. पाठशाळेत केव्हातरी वाचले होते. तेथे सांगितले आहे, की शिष्याला न मारता शिकवावे. अगदीच इलाज नसेल तर बारीक दोरी किंवा चिरलेल्या बांबूची कांब. आणि याखेरीज दुसऱ्या कशाने मारील त्या गुरूला राजाने दंड करावा. म्हणजे त्या पोराचा प्रश्न हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी विचारला होता, आणि शास्त्रकाराने त्याचे उत्तरही दिले होते. आम्ही ते सूत्र वाचले तेव्हा कोणती वस्तू चालते एवढेच लक्षात ठेवले. राजाने दंड करावा हे विसरलो. आजच्या राजाने, म्हणजे सरकारने, २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे, आणि तिच्या जोडीने मानसिक त्रासालाही. छडीचा वळ दिसतो तरी. अर्धा कोयता या शब्दाचा वळ कोणत्या तपासणीत दिसणार?

छडी आम्ही दुसऱ्या दिवशी चुलीत घातली. पण ते सोपे होते. जिभेला चूल कुठली?

ही हकीकत आम्ही एका मुख्याध्यापक स्नेह्यांस सांगितली तेव्हा ते नाराज झाले. म्हणाले, "महाराज, तुम्ही मुलांपुढे चूक कबूल केलीत हे बरे केले नाहीत. आधीच शिक्षकाचा मान राहिला नाही. जनगणना आम्ही करायची, निवडणूक आम्ही करायची, खिचडीचा हिशोब आम्ही ठेवायचा, मोबाईलवर माहिती आम्ही भरायची, आणि मुलाला रागे भरले तर बाप दुसऱ्या दिवशी दारात. त्यातून आम्ही आपले दोष आपणच सांगत सुटलो तर वर्गात उभे कसे राहायचे?"

त्यांचे म्हणणे टाकण्यासारखे नाही. शिक्षकाकडून आचाराची अपेक्षा करणारा समाज त्याला आचार दाखवायला वर्गात तरी राहू देतो का, हा प्रश्न आहेच. शिवाय रोज उठून आपले दोष सांगणारा गुरूही आम्ही पाहिला आहे. त्याला पश्चात्तापाचे व्यसन लागलेले असते, आणि तेथेही मुलांनी त्याच्याचकडे बघत राहायचे असते. हे आम्हांस नको. मुलाचे नुकसान झाले असेल तेवढेच सांगावे, ते ज्याचे झाले त्याच्यासाठी सांगावे, आणि पुढच्या पाठाला लागावे.

पण मान उतरतो हे आम्ही मान्य करीत नाही. नेवाशाचे उदाहरण घ्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, तेथे ज्ञानोबारायांनी गीतेवर भाष्य सांगितले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. ऐकायला समोर कोण होते? निवृत्तिनाथ. गुरू, आणि परंपरेप्रमाणे वयाने जेमतेम दोन वर्षांनी वडील. शिष्य बोलतो आहे, सगळी सभा शिष्याच्या तोंडाकडे बघते आहे, आणि गुरू खाली बसून ऐकतो आहे. किती गुरूंना हे जमेल? आमच्याच क्षेत्रात शिष्याच्या कीर्तनाला गर्दी जास्त झाली की गुरूला ताप येतो, हे काही गुपित नाही. निवृत्तिनाथांचा मान त्याने उतरला का? तेराव्या अध्यायात आचार्योपासना हा एकच शब्द आला, तर माउलींना ओव्यांमागून ओव्या पुरल्या नाहीत. शब्दाचे एवढे पीक यायला जमीन तशी लागते. ती निवृत्तिनाथांच्या वागण्याने तयार झाली होती.

आणि आपल्या वारीत तर पाया पडायला वय नाही, जात नाही, विद्या नाही. सत्तर वर्षांचा विणेकरी सात वर्षांच्या टाळकऱ्याच्या पायाला हात लावतो आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. मग पाठशाळेच्या उंबऱ्याशी आल्यावरच आमची मान का ताठते? पांडुरंग काय फक्त वाटेवरच्या मुलांत असतो? वर्गातल्या मुलांत नसतो?

उपनिषदातला तो निरोप आम्ही पुन्हा काढून वाचला. त्यात पुढे असे आहे, की कोणत्या प्रसंगी कसे वागावे असा संशय पडला तर जवळच्या विचारी माणसांकडे पहा, ती तेथे कशी वागतात तसे वाग. ती माणसे कशी असावीत याची चिन्हे दिली आहेत, त्यांत एक शब्द आहे अलूक्ष. लूक्ष म्हणजे रूक्ष, खरखरीत. अलूक्ष म्हणजे जी रूक्ष नाहीत ती. विद्वान असावीत हे आम्ही शिकलो, धर्मशील असावीत हे शिकलो. या एका शब्दावरून आमची नजर चाळीस वर्षे घसरत गेली. ज्यांनी आम्हांस शिकविले ते शास्त्रीबुवा मोठे विद्वान होते, त्यांची नक्कल करायची म्हणून आम्ही त्यांचा आवाज उचलला, त्यांची खरखर उचलली. त्यांनी ती त्यांच्या गुरूंकडून उचलली असेल. विद्वत्ता उचलायला कष्ट पडतात, खरखर फुकट मिळते. शास्त्रीबुवा आज नाहीत. आम्ही त्यांचे दोष पाहत नाही. पण आमच्यात आलेले त्यांचे दोष तर आम्हीच पाहायला हवेत ना?

त्या दिवसापासून कीर्तनात आम्ही ते जुने वाक्य म्हणत नाही. म्हणायचेच झाले तर शिष्यमंडळींपुढे म्हणतो, आणि त्याच दमात गुरुमंडळींकडे वळतो.

तो मुलगा पाठशाळेत परत आला नाही. आम्ही दोनदा निरोप धाडला, एकदा स्वतः गेलो, तेव्हा भेटला. आम्ही माफी मागितली. तो मान खाली घालून "काही नाही महाराज" म्हणाला, आणि बैलाला पाणी दाखवायला म्हणून निघून गेला. त्याने यावे असा हट्ट धरण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

मध्यंतरी आषाढी वारीस त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर आम्ही नगरच्या पुढे मिरजगावच्या वाटेला चालत होतो. पावसाची एक सर येऊन गेली होती. पुढच्या दिंडीत एक उंच पोरगा टाळ घेऊन म्हणत होता, आवाज फुटायच्या वयाचा. ओळख पटायला वेळ लागला. विसाव्याला त्यानेच पाहिले आणि जवळ आला. तो आमच्या पायाशी वाकला, वारीच्या रीतीने आम्हीही त्याच्या पायाशी वाकलो, आणि दोघांची डोकी टणकन आपटली. तो हसला. या वेळेचे हसणे निराळे होते.

आम्ही विचारले, हरिपाठ पुरा झाला का रे? म्हणाला, सगळा झाला. कोणी सांगितला? तर म्हणाला, कारखान्यावर टायरगाडीवाले एक माळकरी आजोबा आहेत, ते गाडी हाकताना म्हणत असतात, मी मागे वाढ्यांवर बसून म्हणायचो. आम्ही म्हणालो, चुकलास तर रागवत नाहीत का ते?

"रागावतात की," तो म्हणाला. "लई रागावतात. पण मंग थोड्या वेळानं आपणच गाडी थांबवतात, अन् म्हणतात, ये, पुढं येऊन बस माझ्याजवळ."

तेवढ्यात चोपदारांनी हाक दिली, दिंड्या उठल्या, आणि तो टाळ सावरीत आपल्या ओळीत जाऊन उभा राहिला.